मन वाचता येतं, पण अर्धंच: ठाण्याच्या किल्ल्यातल्या एका खेळाचं प्रकरण

टेबलटॉप रोल-प्लेइंगच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळाच्या, एका कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) मन वाचणारं पात्र आलं आणि चार-पाच बैठका पुरेल म्हणून रचलेलं रहस्य पहिल्याच दुपारी, चहा यायच्या आत सुटलं. खेळणारे ठाणे, कळवा, वाशीचे. बसायची जागा नौपाड्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. गोष्टही ठाण्याच्याच किल्ल्याची. त्या शक्तीचा नियम पुढे का आणि कसा बदलला, आणि बदलल्यावर नवं भोक कुठे पडलं, त्याची ही हकिगत.

आधी खेळाची पार्श्वभूमी, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. आमच्या जीएमताईंनी (जीएम म्हणजे गेममास्टर, गोष्ट रचून खेळ चालवणारी व्यक्ती) काळ निवडला होता सप्टेंबर १८१६. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा जुलै १८१५मध्ये पंढरपुरात खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर होता. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याने तगादा लावून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे. किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांकडे आलेला, १७७४ साली इंग्रजांनी जिंकलेला. फितुरी होऊ नये म्हणून कैद्यावर पहारा फक्त गोऱ्या शिपायांचा ठेवला. कंपनीची ही हुशारी तिच्याच अंगाशी आली. एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली खरारा करता करता गाणी म्हणायचा. गाण्यांत बाहेरचे निरोप असायचे आणि पहाऱ्यावरच्या एकालाही मराठी येत नव्हतं. एका रात्री त्रिंबकजी पसार झाला.

असा ऐवज हाताशी असल्यावर जीएमचे हात शिवशिवणारच. आम्ही पाच जण किल्ल्याबाहेरची टोळी. आत कैद्यापर्यंत निरोप पोचवणारं कोणीतरी आधीपासून आहे, ते कोण हे हुडकायचं, पहारा कधी बदलतो ते काढायचं आणि ठरल्या रात्री घोडी तयार ठेवायची. आमच्यातल्या दोघांना इतिहास ठाऊक होता. म्हणून ताईंनी निरोप्या बदलला: मोतद्दाराऐवजी किल्ल्यात पाणी भरणारा भिस्ती.

टोळीत एक बारगीर (मी), एक शाहीर, एक चोर, एक मांत्रिक आणि कावेरी नावाची जडीबुटी विकणारी बाई. कावेरीची खेळाडू वाशीहून येणारी फिजिओथेरपिस्ट. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, सगळी पात्रं पाचव्या लेव्हलची, म्हणजे पाचव्या पायरीवरची. कावेरीच्या कागदावर 'डिटेक्ट थॉट्स' हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे जादूचा प्रयोग, होता. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी: तीस फुटांच्या आतल्या माणसाचे वरवरचे विचार कळतात, एका मनावरून दुसऱ्या मनावर जाता येतं, परिणाम एक मिनिट टिकतो. आणि मेख अशी की समोरच्याला तोंडी प्रश्न विचारला की त्याचे विचार आपोआप त्या दिशेला वळतात, असं नियमातच लिहिलंय.

कावेरी किल्ल्याच्या दाराशी पाटी घेऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नोकराला एकच वाक्य: "का रं दादा, आतला पाहुणा बरा आहे ना?" भिस्ती दारातून बाहेर आला आणि कावेरीला सगळंच मिळालं. निरोप काय, कोणाचा, कोणत्या पहाऱ्याला द्यायचा. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे दुसऱ्या लेव्हलचे तीन आणि तिसऱ्याचे दोन स्पेल स्लॉट (स्पेल वापरायच्या ठरलेल्या खेपा) असतात, म्हणजे दिवसाला असे पाच प्रयोग. तिला दोनच पुरले. आम्ही उरलेले चौघे वेफर्स खात बसलो होतो. शाहिराने तर तोवर तोंडही उघडलं नव्हतं.

यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. कागदावर लिहिलेली शक्ती तिने वापरली, तीही पात्राला शोभेल अशा चतुराईने. शक्तीला लगाम खेळाडूने स्वतःहून घालावा ही अपेक्षा मला आळशीपणाची वाटते. नियम ढिला ठेवायचा आणि मग "जरा समजून खेळा ना" म्हणायचं, हे जीएम मंडळींत फार चालतं.

ती बैठक रद्द झाली. ताई म्हणाल्या, "झालंच नाही असं धरा. पुढच्या वेळी निरोप्या दुसरा असेल. पण त्याआधी हिचं काय करायचं ते ठरवू." आणि ते काम माझ्याकडे आलं.

पहिले उपाय सगळ्यांना सुचतात तेच होते. या स्पेलला दोन फूट दगड अडवतो, शिशाचा पातळ पत्राही अडवतो. मग सगळ्या महत्त्वाच्या माणसांना तटाच्या आत ठेवा, नाहीतर टोपीत शिसं घाला! चोराचा खेळाडू म्हणाला, "१८१६ साली भिस्त्याच्या पागोट्यात शिसं? मग आम्ही शिशाची टोपी घातलेला माणूस शोधू, तोच निरोप्या." बरोबर होतं त्याचं. शक्ती अडवणारी वस्तू ठेवली की ती वस्तूच खूण ठरते.

दुसरा उपाय किंमत वाढवायचा. स्लॉट कमी करा, थकवा द्या. स्पेल वापरला की तो त्या दिवसापुरता मनातून पुसला जातो ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची जुनी कल्पना लेखक जॅक व्हान्सच्या कथांतून आलेली, आणि लढाईच्या स्पेलना ती चांगली लागू पडते. सहाऐवजी तीन आगीचे गोळे मिळाले तर लढाई खरोखर वेगळी होते. पण रहस्यात एकच अचूक उत्तर पुरतं. ते सकाळी मिळालं काय किंवा झोप काढून दुसऱ्या दिवशी मिळालं काय, रहस्य संपलंच.

तिसरा उपाय फाशांचा: शक्ती कधी लागेल, कधी फसेल. यावर मी थोडं गणित मांडलं. दोन फासे टाकून सात किंवा जास्त आले की यश, असं धरलं तर यशाची शक्यता ३६पैकी २१. तीन माणसांवर तीन प्रयत्न केले तर तिन्ही फसण्याची शक्यता १७२८पैकी १२५, म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आसपास. निदान एकदा तरी लागणार याची खात्री जवळपास ९३ टक्के. अपयशाला काही वाईट परिणाम नसेल तर फासे म्हणजे नुसता वेळकाढूपणा.

इथे जरा आडवाट. मनाच्या शक्तींना या खेळांत बहुतेक ठिकाणी आकड्यांचीच भाषा का मिळाली, याचं मला कुतूहल होतं. माझा अंदाज असा की पाश्चात्त्य खेळांतली 'सायकिक' माणसं देवळातून किंवा जंगलातून आलेली नाहीत, प्रयोगशाळेतून आलीत. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३०च्या दशकात पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते घेऊन प्रयोग केले. वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात, त्याहून जास्त आले की शक्ती आहे असा दावा. पुढे त्या निकालांवर सडकून टीका झाली, पण शक्ती म्हणजे मोजता येणारा गुण ही कल्पना राहिलीच. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सायॉनिक्स, म्हणजे मनःशक्तीचा भाग, १९७६च्या एका पुरवणीत आलं. १९७८च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात ते परिशिष्टात होतं: तुमच्यात ही शक्ती आहे की नाही ते शेकड्याच्या फाशाने ठरायचं, मग ताकदीचे गुण, हल्ल्याचे पाच प्रकार, बचावाचे पाच. १९७७च्या 'ट्रॅव्हलर' या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळातही मनःशक्तीला आकडाच होता, आणि प्रशिक्षणाला जितका उशीर तितका तो घटायचा. ही घट मला आवडते, निदान तिच्यात माणसाचं आयुष्य तरी दिसतं. पण शक्ती किती आहे हे सांगणारे सगळे, उत्तर कसलं मिळेल यावर बोलणारे फार थोडे.

तोडगा निघाला तो टेबलाबाहेरून. ताईंचे सासरे शाळेत संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. आम्ही हॉल अडवला की ते खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात. आमचा वाद ऐकून ते म्हणाले, "परचित्तज्ञान म्हणताय ना तुम्ही? अगं, पण ते अर्धंच असतं."

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींची मोठी जंत्री आहे. त्यात 'प्रत्ययस्य परचित्तज्ञानम्' असं सूत्र येतं: संयमाने, म्हणजे एकाच गोष्टीवर एकवटलेल्या ध्यानाने, दुसऱ्याचं चित्त कळतं. आणि लगेच पुढे 'न च तत्सालम्बनं तस्याविषयीभूतत्वात्'. म्हणजे चित्त कळतं, पण ते ज्या गोष्टीला लागलंय ती गोष्ट कळत नाही, कारण ती संयमाचा विषयच नव्हती. व्यासभाष्यात याचा उलगडा आहे: मन आसक्त आहे एवढं योग्याला समजतं, कशावर आसक्त आहे ते समजत नाही. ताईंच्या सासऱ्यांनी हे सांगितलं, वर "हे पुढे समाधीतले अडथळेच ठरतात, असंही त्यातच सांगितलंय" एवढं बोलून पुन्हा पेपर उघडला.

मी वहीत पहिली ओळ लिहिली: भाव कळेल, विषय कळणार नाही.

आमच्या खेळाचा मूळ प्रश्न होता 'कोण कोणाला काय सांगतंय'. जी शक्ती नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर देते ती कितीही महाग करा, खेळ गिळणारच. पण जी शक्ती शेजारच्या प्रश्नाचं उत्तर देते, ती टेबलावर नवं काम आणून टाकते. माणूस घाबरलाय हे कळलं की 'कशाला?' हे शोधायला पाय चालवावे लागतात, ओळखी काढाव्या लागतात, कोणालातरी दारू पाजावी लागते. आणि ती कामं चोराची, शाहिराची, बारगिराची.

पूर्ण नियम असा झाला. कावेरी तीस फुटांतल्या एका माणसाकडे लक्ष लावते आणि दोन फासे टाकते. दहा किंवा जास्त आले तर जीएम वरचा भाव सांगते आणि त्याच्याखाली दडलेला एक. सात ते नऊ आले तर फक्त वरचा, आणि तो भाव कावेरीलाही चिकटतो, तो प्रसंग संपेपर्यंत तसंच वागायचं. सहा किंवा कमी आले तर उलटं होतं: कावेरीचा भाव समोरच्यात उतरतो आणि तिला काहीच कळत नाही. स्लॉट नाहीत, गुण नाहीत, दिवसाला इतकेच प्रयोग असंही काही नाही. एका वेळी तीन परके भाव अंगावर साठले की मात्र तिला तिथून उठून जावंच लागतं.

सात ते नऊची शक्यता ३६पैकी १५, दहा व वरची ३६पैकी सहा. म्हणजे शक्ती लागते तेव्हा बहुधा चिकटतेच. हे मुद्दाम केलं.

पुन्हा खेळलो तेव्हा कावेरी त्याच दाराशी, तीच पाटी. दारावरच्या सार्जंटवर अकरा पडले: वर कंटाळा, खाली लाज. भिस्त्यावर आठ: भीती, आणि कावेरीचेही हात थरथरायला लागले. मोतद्दारावर सात: आनंद. झालं, एक बाई थरथरत्या हातांनी, गालातल्या गालात हसत किल्ल्याच्या दारात बसलीय! सार्जंट उठून तिच्याकडे यायला लागला. आमच्या फिजिओथेरपिस्टने तो प्रसंग असा वठवला की ताईंनी हातातला फासा खाली ठेवला आणि नुसत्या बघत राहिल्या.

पुढचा तासभर आम्ही भिस्त्याच्या मागे. गेल्या वेळी तोच होता, शिवाय घाबरलेला, म्हणजे काहीतरी असणारच. चोराने त्याचं घर गाठलं तर तिथे अधिकाऱ्यांच्या मेसमधून उचललेल्या दारूच्या बाटल्या. भीती खरी होती, फक्त तिचं कारण आमच्या कामाचं नव्हतं. नव्या नियमाची मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच: चुकीची वाट तयार करायला जीएमला खोटं बोलावं लागलं नाही. जुन्या स्पेलमध्ये चकवा द्यायचा तर विचारच खोटे दाखवावे लागतात, आणि एकदा तसं केलं की खेळाडू कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

मोतद्दाराकडे इतिहास माहीत असलेले आम्ही दोघं बघतही नव्हतो, ताई इतकं सरळ ठेवणार नाहीत म्हणून. शाहीरच मध्येच म्हणाला, "थांबा, रोज खरारा करणाऱ्याला एवढा आनंद कसला? ताई, तो काही पुटपुटतोय का?" ताईंनी कागद काढला आणि वाचलं:

"पिंपळाच्या पारी पाच घोडी बांधली,
चांदणी ढळता सखे, ये गं अंगणी."

या क्षणी शक्तीची गरज संपली. माणूस कावेरीने दाखवला होता, अर्थ लावायचं काम मराठी येणाऱ्या कोणालाही जमणारं होतं.

आता भोक. दोन बैठकांनी चोराच्या खेळाडूला युक्ती सुचली. विषय कळत नाही ना? मग विषय आपण बोलायचे. सार्जंटसमोर एकेक शब्द टाकायचा, 'पगार', 'जुगार', 'बायको', 'कैदी', आणि प्रत्येक शब्दाला त्याची लाज वाढते का ते कावेरीने बघायचं. भावावरून विषय गाठायचा, खोटं पकडायच्या यंत्रासारखं. नियमात याला बंदी नव्हती. दोघे-तिघे म्हणाले, लगेच बंदी घाला. मी नको म्हणालो, आणि यावर आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं असं की ही पळवाट फुकट नाही. दर शब्दाला नवा रोल, म्हणजे पुन्हा फासे टाकायचे, आणि चिकटलेले भाव साठत जातात. शिवाय जो शब्द आपण उच्चारतो तो सार्जंटच्याही कानावर पडतो. 'कैदी' म्हणणारी जडीबुटीवाली त्याच्या लक्षात राहणार. शेवटी ताईंनी पाठीमागच्या फळ्यावर एक रकाना आखला: 'सार्जंटला आपल्याबद्दल काय काय माहीत झालंय'. प्रत्येक शब्द त्यात जातो. रकान्यात पाच नोंदी झाल्या की तो वरिष्ठांकडे जातो. युक्ती वापरली गेली, सार्जंटचं जुगाराचं कर्ज उघडं पडलं, आणि रकाना चारवर जाऊन थांबला. त्या रात्रीसारखा ताण त्या टेबलावर मी आधी पाहिला नव्हता.

मांत्रिकाचं प्रकरण इतकं नीट जमलेलं नाही. कावेरीची शक्ती मुकी, बसल्या जागी चालणारी. त्याची तशीच ठेवली तर दोघांत फरक काय? म्हणून मंत्राला आवाज, साहित्य आणि वेळ लावला, आणि उत्तर उलट्या बाजूचं दिलं: वस्तू कुठे आहे ते कळेल, पण तिथे कोणी ठेवली, का ठेवली ते नाही. रचनेसाठी 'आर्स मॅजिका'कडे बघितलं. १९८७च्या त्या खेळात पाच क्रिया आणि दहा विषय यांच्या जोड्या लावून मंत्र बनतो, पन्नास जोड्या. आम्ही तीन क्रिया आणि चार विषय घेतले: शोध, बांध, सोड, लोखंड, पाणी, जनावर, वाट. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात मांत्रिक दर वेळी 'सोड-लोखंड' करून कुलपं उघडतो आणि चोर रुसतो. कुलपाला मोठ्याने तीनदा मंत्र म्हणावा लागतो अशी अट घातलीय, तरी मला ते ठिगळच वाटतं.

मंत्र म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागली. आमच्यातला एक जण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे. त्याने सरळ सांगितलं की खेळात मंत्र चालेल, पण भूत काढायला बाईला मारणं किंवा कोणावर चेटकीण म्हणून आळ घेणं हे गमतीखातर येणार नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत जे गुन्हे म्हणून लिहिलंय ते आपल्याकडे कालपरवापर्यंत घडत आलंय, आणि परदेशी नियमपुस्तकातल्या 'विच'इतकं ते आपल्यापासून लांब नाही. यावर चर्चा पाच मिनिटांची झाली, कोणीच विरोध केला नाही. मांत्रिकाच्या कागदावर 'अंगात येणे' ही शक्ती होती, ती त्याच्या खेळाडूने स्वतःच खोडली.

सध्या अडलंय ते शत्रूपक्षापाशी. त्रिंबकजी निसटल्यावर कंपनी हात बांधून बसणार नाही, म्हणून ताईंना त्यांच्या बाजूनेही एक मन वाचणारा हवा आहे. नियम तोच, भाव कळेल, विषय नाही. पण आपल्या पात्राला काय वाटतंय हे जीएमने फासे टाकून ठरवावं हे कोणाला मान्य नाही, मलाही नाही. पात्राचं मन ही खेळाडूच्या मालकीची शेवटची जागा, तीही जीएमकडे गेली तर आपण नुसते प्रेक्षक. तात्पुरता तोडगा म्हणून प्रत्येक प्रसंगाआधी खेळाडू आपल्या पात्राचा वरचा आणि खालचा भाव चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवतो. कंपनीच्या माणसाचा रोल लागला तर ताई ती उलटतात, नाहीतर तशीच फाडतात. शाहिराच्या खेळाडूने पहिल्याच वेळी दोन्ही रकान्यांत 'भूक' लिहिलं. नियमाने ते चालतं की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.